बसऱ्याचे आजोबा

परवा सर्वपित्री अमावस्या झाली. पान वाढताना नेहमीप्रमाणे आमच्या थोरल्या आजीची आठवण झाली. तिच्या आठवणीमागून आणखी एका माणसाची आठवण येते. त्या माणसाला मात्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही.

थोरली आजी म्हणजे माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. तिकडे घरटी एक तरी माणूस पलटणीत असायचा. तिचे यजमान पहिल्या महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत. लग्नात ती अकरा-बारा वर्षांची होती. संसार म्हणावा तर एका रजेपुरता. घरात सगळे त्यांना 'बसऱ्याचे आजोबा' म्हणत. कुठे पडले, कोणत्या तिथीला, काही माहीत नाही, म्हणून त्यांचं पान सर्वपित्रीला. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याच्यासाठीच तर तो दिवस!

पुढे मी शाळेत बरीच वर्षं इतिहास शिकवला. पहिल्या महायुद्धाची कारणं आणि परिणाम मुलांकडून घोकून घेतले. 'मेसोपोटेमिया' हा शब्द फळ्यावर कितीदा लिहिला असेल! पण ते आमच्या आजीचं 'बसरा' आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा उजेड पडला.

नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांनी बसरा घेतलं. तिथे लढायला गेलेल्या सैन्याचं नावच मुळी 'सहावी पुणे डिव्हिजन'. तिच्यात मराठा पलटणी होत्या. १०३वी, ११०वी आणि ११७वी. बसऱ्याहून नदीकाठाने वर चढत हे सैन्य बगदादच्या जवळपर्यंत गेलं, तिथून मागे फिरलं आणि कूत गावात अडकलं. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा पडला. अन्न संपलं, घोडे मारून खायची वेळ आली. आपल्या कित्येक शिपायांनी ते मांस तोंडात घालायचं नाकारलं आणि उपासानेच खंगले. शेवटी जनरल टाउनशेंड शरण गेला. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली आणि वाळवंटातून पायी नेली गेली. वाटेत किती पडले, त्यांना कुणी मूठभर माती तरी दिली का, देव जाणे.

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट सांगते. १९१६ साली फ्रान्समध्ये डेव्हिड रेल्टन या पाद्र्याला एका बागेत एक थडगं दिसलं. साध्या लाकडी क्रुसावर पेन्सिलीने 'एक अज्ञात ब्रिटिश सैनिक' असं लिहिलेलं. ते त्याच्या मनातून गेलं नाही. १९२० साली त्याने वेस्टमिन्स्टर ॲबेच्या मुख्य धर्मगुरूंना पत्र लिहिलं, की असा एक बेनाव शिपाई आणून राजांच्या शेजारी पुरावा. रणभूमीवरच्या निरनिराळ्या भागांतून ओळख न पटलेले देह आणले गेले आणि एका अधिकाऱ्याने त्यांतला एक निवडला. तो कोण हे कुणालाही कळू नये, अशी सगळी व्यवस्था होती. ११ नोव्हेंबर १९२० रोजी खुद्द राजा पंचम जॉर्ज त्या शवपेटीमागे चालला. त्याच दिवशी पॅरिसमध्येही असाच एक शिपाई विजयकमानीखाली आणला गेला. तिथली पेटी ऑगस्त तँ नावाच्या तरुण शिपायाने निवडली होती. त्याची पलटण १३२वी. एक, तीन आणि दोन मिळून सहा, म्हणून त्याने सहावी पेटी निवडली.

यात शहाणपण असं, की ज्या ज्या आईचा मुलगा परत आला नाही, तिला म्हणता आलं, हा माझाच असेल. नाव नाही म्हणूनच तो सगळ्यांचा.

आपल्याकडेही ही रीत जुनीच आहे. आमच्या गावच्या मारुतीसमोर एक वीरगळ आहे. खाली लढाई, मध्ये अप्सरा त्या वीराला वर नेताहेत, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर चंद्र-सूर्य. नाव कोरलेलं नाही. तरी बाया पाणी घालतात. दिल्लीत २६ जानेवारी १९७२ ला इंडिया गेटखाली 'अमर जवान ज्योती' पेटली, तिथेही उलटी रायफल आणि वर शिरस्त्राण एवढंच होतं. २१ जानेवारी २०२२ ला ती ज्योत शेजारच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातल्या ज्योतीत मिळवली. या स्मारकात मात्र स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावं कोरली आहेत.

मलाही वाटायचं, आमचे आजोबा असेच 'अज्ञात'. पण तसं नव्हतं, आणि हेच मला आज सांगायचं आहे.

इंग्रजांनी १९१७ साली युद्धातल्या थडग्यांसाठी कमिशन नेमलं. प्रत्येक मृताचं नाव कोरायचं, हुद्दा-जात-धर्म बघायचा नाही, हे त्याचं तत्त्व. बसऱ्याला मोठं स्मारक उभं राहिलं, चाळीस हजारांवर मृतांचं. गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा! नावं ठाऊक नव्हती म्हणून नव्हे, याद्या होत्याच. कोरायची गरज वाटली नाही, इतकंच. २०२१ साली याच कमिशनने स्वतःच्या चौकशीत हे कबूल केलं. निदान १ लाख १६ हजार माणसं, बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतली, नावानिशी किंवा मुळीच स्मरली गेली नाहीत. ब्रिटिश संसदेत माफीही मागितली गेली.

म्हणजे लंडनचा तो शिपाई खरोखर अज्ञात होता, आणि त्याला राजाने खांदा दिल्यासारखं झालं. आमचे आजोबा ज्ञात होते, त्यांना अज्ञात केलं. दोन्हींत फरक आहे.

हा राग मी बरेच दिवस मनात धरला. मग एक दिवस लक्षात आलं, की नाव आम्ही तरी कुठे राखलं? थोरली आजी नवऱ्याचं नाव घेत नसे, तेव्हा कुणीच घेत नसे. उखाण्यात घ्यायचं, तर विधवेला हळदीकुंकवाला बोलावतो कोण? सासू-सासरे गेले, दीर गेले. पेन्शनीचे कागद पत्र्याच्या पेटीत होते ते वाळवीने खाल्ले. आजी १९६८ साली गेली तेव्हा मी पुरती मोठी होते. एकदा तरी विचारायला हवं होतं. नाव ठाऊक असलेलं ते शेवटचं माणूस होतं, आणि आम्हाला वाटलं, तिला वाईट वाटेल.

बसऱ्याच्या त्या याद्या आता इंटरनेटवर बघता येतात, तेहेतीस हजारांवर नावं आहेत. काहींपुढे वडिलांचं नाव आणि गाव आहे, काहींपुढे काहीच नाही. नातवाला घेऊन बसले. इंग्रज कारकुनाच्या स्पेलिंगातून आपली नावं ओळखणं म्हणजे मोठी परीक्षाच. मराठा पलटणींत आमच्या आडनावाचे दोघे सापडले. दोघांपुढेही वडिलांचं नाव नाही. नातू म्हणाला, "आजी, यातला कुठला आपला?" मी म्हटलं, "बाळा, सांगता येत नाही."

यंदा मी दोघांची नावं कागदावर लिहिली, मोठ्याने वाचली आणि दोन पानं वाढली. एक आमचं असेल, एक दुसऱ्या कुणाचं. त्या दुसऱ्या घरी त्याचं पान वाढतात की नाही, कोण जाणे.

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर आजच त्यांच्याकडून अशी नावं लिहून घ्या. त्यांना वाईट वाटेल म्हणून थांबू नका.