हात आणि डोळा यांमधले अंतर

इतिहास म्हटला की लढाया आणि राज्ये आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु कारागिराचा हात आणि त्याचा डोळा यांमध्ये किती अंतर असते, ह्यालाही इतिहास आहे. कुंभाराच्या चाकावरची माती वळते आणि त्याच क्षणी दिसते. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्याच्या वाट्याला मात्र प्रतीक्षा आली. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा यंत्राच्या स्वाधीन करावयाचा आणि उत्तरासाठी तासन् तास थांबावयाचे, अशी एके काळी रीत होती.

१९९० साली जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा पहिला ब्राउझर रचला. तो वाचण्याचा होता, तसाच लिहिण्याचाही होता. १९९३ साली पुढे आलेल्या मोझॅकने वेब घरोघर पोचविण्याचा मार्ग खुला केला. पण पान लिहिण्याची सोय त्यात नव्हती. लेखणी एका खिडकीत राहिली, पान दुसऱ्या. अक्षर बदलावे, जतन करावे, ब्राउझरकडे वळून 'रिलोड' दाबावे, ही प्रदक्षिणा सुरू झाली.

१९९५ साली नेटस्केपने ठरावीक सेकंदांनी पान आपोआप पुन्हा आणण्याची युक्ती दिली. पण ती घड्याळाची चाकर! बदल झाला असो वा नसो, पान फिरणारच. खरी गरज पहारेकऱ्याची होती. २००५ साली लिनक्सच्या गाभ्यात आयनोटिफाय आले. फाइल बदलताच ते वर्दी देऊ लागले. २०११ साली वेबसॉकेट प्रमाणित झाले. सर्व्हर ब्राउझरला स्वतःहून हाक मारू शकला. ह्याच सुमारास लाइव्हरिलोडसारखी साधने आली. पहारेकरी वर्दी देतो, सर्व्हर निरोप धाडतो, आणि पानातली चिमुकली आज्ञावली पान ताजे करते. केवळ रंगरूपाची फाइल बदलली असेल, तर तेवढीच बदलून भागते.

तथापि सबंध पान ताजे केले की अर्धवट भरलेला अर्ज पुसला जातो. म्हणून चालत्या कार्यक्रमाचा बदललेला भागच तेवढा पालटण्याची पद्धत निघाली. १९७० नंतरच्या दशकात स्मॉलटॉक भाषेने तिची वाट दाखविली होती. २०१५ साली पॅरिसमधील एका परिषदेत डॅन अब्रामॉव्ह यांनी तिचे प्रात्यक्षिक करून दाखविले.

ह्यात मिळाले ते उघड आहे. गमावले काय? पत्त्यांच्या काळचा मनुष्य चुकीची किंमत ओळखून आधी कागदावर विचार करी. आज चूक स्वस्त झाली आहे. पडद्यावर बेरीज सुबक दिसते, म्हणून ती बरोबर ठरत नाही. यंत्राने आपली प्रतीक्षा वाचविली. विचार करण्याचे काम मात्र आपल्याकडेच ठेवले आहे, हे विसरून चालावयाचे नाही.