मताचा अधिकार नसलेल्यांचे अर्ज : मुंबई-पुण्याची अर्जपरंपरा (१८५२ ते १८९७)

१/ लोकप्रतिनिधीला पत्र लिहिणे ही आज साधी गोष्ट वाटते. एकोणिसाव्या शतकात मात्र मुंबई-पुण्याचे लोक ज्या प्रतिनिधींना लिहीत, त्यांना निवडून देण्याचा अधिकारच त्यांच्याकडे नव्हता. तरीही त्यांनी लिहिले, आणि कसे लिहावे याचे एक शास्त्रच घडवले.

२/ २६ ऑगस्ट १८५२. मुंबईत ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट, नौरोजी फर्दुनजी, डॉ. भाऊ दाजी ही त्यातील अग्रणी मंडळी. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची मुदत संपत आली होती आणि नव्या सनदेचा विचार ब्रिटिश पार्लमेंटपुढे येणार होता. संस्थेने पार्लमेंटकडे अर्ज धाडला तो नेमका याच वेळी. कायदा झाल्यावर केलेली तक्रार आणि कायदा घडत असताना मांडलेले म्हणणे यांतील फरक त्यांनी ओळखला होता.

३/ कारभारात आणि उच्च पदांवर हिंदी लोकांना स्थान मिळावे, हा अर्जाचा गाभा. १८५३च्या कायद्याने सनदी नोकऱ्यांसाठी स्पर्धा परीक्षा आणली, पण ती घेतली जाई लंडनमध्ये! दार उघडले, उंबरठा मात्र सातासमुद्रापार राहिला.

४/ आणखी एक अडचण होती. पार्लमेंटमध्ये अर्ज दाखल व्हायचा तर सभागृहाच्या एखाद्या सदस्यानेच तो सादर करावा लागे. म्हणजे ज्याच्या मतदारसंघाशी अर्जदाराचा काडीचाही संबंध नाही, अशा सदस्याला आधी पटवून द्यायचे. त्यामुळे भावनेपेक्षा पुराव्यावर भर देणे भागच होते.

५/ २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, अर्थात ‘सार्वजनिक काका’, हे तिचे प्राण. ‘तुम्ही बोलता ते कोणाच्या वतीने?’ हा सरकारचा नेहमीचा प्रश्न. त्यावर सभेचे उत्तर तिच्या नियमातच होते : सभासद होणाऱ्याने किमान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. मतपेटी नसलेल्या काळात सभेने प्रातिनिधिकत्वाचा पुरावा असा कागदावर उभा केला.

६/ १८७५ मध्ये सभेने हाऊस ऑफ कॉमन्सकडे अर्ज केला. मागणी एकच आणि नेमकी : पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी असावेत.

७/ मग १८७६-७७चा भीषण दुष्काळ आला. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे जेमतेम अर्धा किलो, धान्याच्या हिशेबावर आणली. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि तिच्या आधारे सरकारकडे निवेदनांमागून निवेदने पाठवली. ‘लोक उपाशी आहेत’ एवढे म्हणून ती थांबली नाही. कोठे, किती, कशामुळे आणि कोणता उपाय, हेही तिने मांडले. १८७१ पासून पुण्यात असलेल्या न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या अभ्यासू वृत्तीची छाप या लेखनावर होती.

८/ १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अगदी निसटत्या बहुमताने कॉमन्सवर निवडून आले. १८९३ मध्ये सनदी परीक्षा इंग्लंडप्रमाणे हिंदुस्थानातही घ्याव्यात, असा ठराव त्या सभागृहात संमत झाला. सरकारने तो अमलात आणला नाही. सभागृह जिंकले तरी अंमलबजावणीची लढाई उरतेच, हा त्यातला कटू धडा.

९/ १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ. आता सभेची सूत्रे लोकमान्य टिळकांच्या गटाकडे होती. वरिष्ठांकडे अर्ज पाठवण्याबरोबरच सभेचे कार्यकर्ते गावोगाव फिरून ‘फॅमिन कोड’मधील हक्क रयतेला समजावू लागले.

१०/ सरकारला हे रुचले नाही. मार्च १८९७ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केले की, सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारला संबोधण्याचा कोणताही अधिकार या सभेला यापुढे राहणार नाही.

११/ वरवर पाहता अर्जांचा हा पराभव. पण जे अर्ज निरुपद्रवी असतात, ते सरकार दप्तरात टाकून विसरते. त्यांच्यावर बंदी घालण्याचे कारण पडत नाही. कागदावरचा हक्क गावच्या चावडीपर्यंत पोहोचला, तेव्हाच सत्तेला त्याची धास्ती वाटली.

१२/ योग्य वेळ, योग्य पत्ता, कोणाच्या वतीने याचा पुरावा, पडताळता येईल अशी माहिती आणि एक स्पष्ट मागणी : त्या पिढीची शिदोरी एवढीच होती. आजच्या पत्रलेखकाकडे याशिवाय आणखी एक गोष्ट आहे, जी त्यांच्यापैकी बहुतेकांना कधीच मिळाली नाही : मत.