पूर्ण चौकटीची कुळकथा

वस्तूंना नांवें देणारा व्यापारी आणि त्या नांवांचा इतिहास शोधणारा अभ्यासक यांचें फारसें पटत नाहीं. व्यापाऱ्यास नांव चकचकीत हवें असतें. अभ्यासकास त्याची कुळी हवी असते. धंदेवाईक छायाचित्रकारांच्या गळ्यांत हल्लीं जो भारी कॅमेरा दिसतो, त्यास ‘फुल फ्रेम’, म्हणजे पूर्ण चौकटीचा कॅमेरा, म्हणतात. त्याच्या पोटांतील सेन्सर नांवाचा प्रकाशग्राही तुकडा ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो. टपालाच्या तिकिटाएवढा हा आयत ‘पूर्ण’ कोणत्या न्यायानें ठरला, हा प्रश्न वाटतो तितका रिकामटेकडा नाहीं. कारण या एका विशेषणापायीं पुष्कळांनीं कर्ज काढलेलें आहे.

मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ सालीं. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे वैद्यकी सांभाळून छायाचित्रें घेत. या कलेंत शिरलेल्या आरंभींच्या एतद्देशीयांत त्यांची गणना होते. त्या काळीं कांचेवर कोलोडियनचा लेप देऊन, तो ओला आहे तोंच तिला प्रकाश दाखवावा लागे व लगेच अंधारांत ती धुवावी लागे. कांचेला कागद भिडवून ठसा घेत, म्हणून जेवढी कांच तेवढेंच चित्र. पुढें कांचांचीं मापें रूढ झालीं, त्यांत ‘फुल प्लेट’ साडेआठ इंच लांब व साडेसहा इंच रुंद असे. तिच्याखालीं हाफ प्लेट, मग क्वार्टर प्लेट. म्हणजे ‘पूर्ण’ हा शब्द या धंद्यांत पूर्वींच येऊन गेलेला होता. त्या पूर्णाशीं आजचें पूर्ण ताडून पाहिलें, तर तें क्षेत्रफळानें त्याचा जेमतेम एकेचाळिसावा हिस्सा भरतें!

आजच्या चौकटीचें मूळ कांचेंत नसून चलच्चित्राच्या फितींत आहे. ३५ मिलिमीटर रुंदीची ती फीत एडिसनच्या कारखान्यांतून निघून सर्व जगांत पसरली. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला व १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें ठेवला, तो याच फितीवर. तिच्यावरील एकेक चित्र सुमारें २४ मिलिमीटर रुंद व १८ मिलिमीटर उंच असे. त्याच सुमारास जर्मनींतील वेट्झलार गांवीं लाइट्झ कंपनींत ऑस्कर बार्नाक हा कारागीर नोकरीस होता. त्याला दम्याचा विकार. कांचांचें ओझें घेऊन डोंगर चढणें त्यास जमेना. त्यानें चलच्चित्राची फीत आडवी घेतली, दोन चित्रांची जागा एका चित्रास दिली, आणि १८ च्या दुप्पट ३६ झाले. सबंध हकीकत एवढीच. सौंदर्यशास्त्राचा कोणताहि सिद्धांत तिच्यामागें नाहीं. एका दमेकऱ्याची सोय आहे. हा ‘लायका’ कॅमेरा १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत विक्रीस आला, तेव्हां जुन्या मंडळींनीं त्याला ‘मिनिएचर’, म्हणजे खेळण्याएवढा, म्हटलें. पुढें पाऊणशें वर्षांनीं त्याच खेळण्याला पूर्णत्वाची पदवी मिळाली.

उपनगरांत हा छोटा कॅमेरा लवकरच येऊन पोंचला. मालाडला हिमांशु राय व देविकाराणी यांनीं १९३४ सालीं बॉम्बे टॉकीज काढली, तींत जोसेफ विर्शिंग हा जर्मन छायालेखक होता. चित्रपटाचा अवजड कॅमेरा चालवून उरलेल्या वेळांत तो लायकानें स्टुडिओंतील माणसें टिपीत असे: रंगविलेले चेहरे, दिव्यांखालीं ताटकळलेले नट, पडद्यामागची वर्दळ. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच तो शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध झाला. सुटल्यावर त्यानें ‘महल’ चित्रित केला, आणि १९६७ सालीं ‘पाकीझा’ पुरा होण्याआधींच तो वारला. स्टुडिओ केव्हांच बंद पडला; पण ती छोटी चौकट टिकली.

डिजिटल युगानें या चौकटीवर मध्येंच गंडांतर आणलें. सिलिकॉनच्या चकतीवर मोठा सेन्सर कापावा तर एका चकतींत थोडेच निघत, आणि एक डाग पडला कीं मोठा तुकडा वायां जाई. म्हणून १९९९ सालीं निकॉनचा डी-१ आला तो सुमारें २४ गुणिले १६ मिलिमीटरचा सेन्सर घेऊन. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांपुढें चमत्कारिक अडचण उभी राहिली. त्यांची २८ मिलिमीटरची रुंद कोनाची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर ४२ मिलिमीटरच्या लेन्सप्रमाणें आकुंचित पाहूं लागली. लेन्स तीच, डोळा तोच, पण कडेचें जग कापलें गेलें. २००२ सालीं कॉन्टॅक्स एन डिजिटल व कॅननचा वन-डी-एस हे दोन कॅमेरे ३६ गुणिले २४ चा सेन्सर घेऊन आले आणि कापलेलें जग परत मिळालें. ‘फुल’ या शब्दाचा खरा अर्थ इतकाच: जुन्या लेन्सला तिचें हरवलेलें क्षेत्र परत मिळालें. कॅननची किंमत मात्र सुमारें ८,००० डॉलर होती.

या यंत्राचे गुणदोष कागदावर तोलण्यापेक्षां एखाद्या वस्तींत नेऊन पाहावे. कांदिवलीच्या पश्चिमेस, खाडी व तिवरांच्या बाजूला चारकोप आहे. १९८५ सालीं मंजूर झालेल्या, जागतिक बँकेच्या साह्याच्या योजनेखालीं म्हाडानें येथें लहान लहान भूखंड पाडले. पाणी, रस्ते, सांडपाणी यांची सोय सरकारनें करावी व घर ज्याचें त्यानें ऐपतीप्रमाणें वाढवावें, अशी ती कल्पना. त्यामुळें येथील पुष्कळ घरें अरुंद आहेत. अशा घरांत साखरपुडा असला म्हणजे छायाचित्रकार पाठ भिंतीला लावून उभा असतो. मागें सरकायला जागा नाहीं, उजेड म्हणजे एक ट्यूबलाइट. येथें पूर्ण चौकट आपली किंमत वसूल करते. रुंद कोनाची लेन्स खरोखर रुंद पाहते. आणि सेन्सरचें क्षेत्र धाकट्या भावंडाच्या सव्वादोनपटीहून थोडें अधिक असल्यानें, तितक्याच छिद्राच्या लेन्सनें एकंदर प्रकाश त्याच प्रमाणांत अधिक गोळा होतो. काळोखांतील शालूचा रंग दाणेदार न होतां शालूचाच राहतो.

पण याच गुणांत एक मेख आहे, आणि विक्रेते ती सांगत नाहींत. लेन्सचें छिद्र मोठें ठेवलें कीं स्पष्टतेची खोली उथळ होते. नवरीची नथ रेखीव येते आणि डोळा धूसर. समूहचित्रांत तर मागच्या ओळींतले काका-मामा नेमके पुसले जातात. तीं सर्व तोंडें स्पष्ट यावींत म्हणून छिद्र बारीक करावें, तर जास्तीचा प्रकाश जेवढा मिळाला होता तेवढाच परत द्यावा लागतो. कॅमेरा तिवईवर ठेवून सावकाश चित्र घ्यायचें असेल तर गोष्ट निराळी. पण लग्नघरांत सावकाश कोण उभें राहतो?

तिवरांतल्या खंड्याकडे वळलें तर पारडें अगदींच फिरतें. लांबच्या पक्ष्यास जवळ आणावयाला लहान सेन्सरच सोयीचा. पूर्ण चौकटीवर तोच पक्षी तेवढा मोठा दिसावयाचा तर दीडपट लांब लेन्स हवी, आणि तिचें वजन व मोल दीडपटीवर थांबत नाहींत. शिवाय खाडीची दमट हवा कॅमेऱ्याचा दर्जा पाहत नाहीं. पावसाळ्यांत लेन्समध्यें बुरशी धरते ती महाग-स्वस्त न पाहतां. तोटा मात्र लेन्सच्या किंमतीप्रमाणें होतो. संध्याकाळच्या बोरीवली लोकलमध्यें ही पिशवी छातीशीं धरून उभें राहण्याचे हाल निराळेच. आमच्या मतें, ज्याचें पोट समारंभांवर आहे व ज्याला वर्षभर अरुंद, अंधाऱ्या जागीं काम करावें लागतें, त्यानेंच हें यंत्र विकत घ्यावें. इतरांनीं तें एका दिवसापुरतें भाड्यानें आणलें तरी चालतें.

गंमत अशी कीं चित्रपटवाल्यांनीं फाळक्यांच्या वेळची चौकट आजहि सर्वस्वीं सोडलेली नाहीं. सुपर ३५ म्हणून जो सेन्सर त्यांच्या कॅमेऱ्यांत असतो, तो त्या २४ गुणिले १८ च्या जवळपासचाच. आणि त्यांच्या बोलींत फितीवरील तेवढ्या मापाला ‘फुल अपर्चर’ म्हणत आले. छायाचित्रकार मात्र त्याच मापाला ‘हाफ फ्रेम’ म्हणतात. एकच आयत एका धंद्यांत पूर्ण, दुसऱ्यांत अर्धा! उलट ४४ गुणिले ३३ मिलिमीटरचे सेन्सर साध्या हातीं धरावयाच्या कॅमेऱ्यांतहि येऊं लागले आहेत. म्हणजे ‘पूर्णा’च्याही वर कांहीं आहेच.

राहतां राहिला टिकाऊपणा. विर्शिंगनें मालाडला टिपलेलीं छायाचित्रें २०१७ सालीं गोव्यांतील प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलीं. नेगेटिव्ह उजेडापुढें धरलें कीं वाचतां येतें. डिजिटल कॅमेऱ्याच्या मूळ फाइली मात्र कंपनीकंपनीच्या निराळ्या घाटाच्या. त्या उघडावयास योग्य तें सॉफ्टवेअर व ज्या तबकडीवर त्या ठेवल्या ती शाबूत लागते. चारकोपचीं घरें एकेक मजला चढत होतीं तेव्हां त्यांचे फोटो साध्या ३५ मिलिमीटरच्या रोलवर निघत. त्या घरांतल्या लोखंडी पेट्यांत नेगेटिव्हच्या पट्ट्या अजून असतील, कांहींना दमटपणानें पोपडे धरले असतील. फूटपट्टी लावून मोजल्या तर त्यांतील प्रत्येक चौकट ३६ गुणिले २४ चीच भरेल.