करारनाम्यावरची सही आणि वहीतले आकडे

आज आम्ही तुम्हाला लांबच्या देशातली आणि ८० वर्षांपूर्वीची गोष्ट सांगणार आहोत. अमेरिकेतल्या बायकांनी पगार घेऊन, करारावर सही करून बेसबॉल खेळला, त्याची ही हकिगत. खेळाची गोष्ट आपल्याला कशाला, असं मनात आलं तर थोडं थांबा. यात खेळापेक्षा कागदाची गोष्ट जास्त आहे, आणि कागदांशी आपल्या सगळ्यांचाच संबंध येतो.

आधी खेळ समजून घेऊ. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा लांबचा भाऊ. एकजण चेंडू टाकते, दुसरी बॅटने मारते. मारलं की पळायचं. मैदानावर चार कोपरे असतात, त्यांना बेस म्हणतात. तीन बेस ओलांडून जिथून निघालो तिथे परत आलं की एक धाव. चेंडू टाकणारीची नजर चुकवून, बॅटला चेंडू न लागताच पुढचा बेस गाठला, तर त्याला ‘बेस चोरणं’ म्हणतात. या खेळात ही चोरी मान्य आहे, आणि तिचा हिशोबही ठेवतात.

१९४३ साल. दुसरं महायुद्ध चालू होतं. पुरुष खेळाडू सैन्यात भरती होऊ लागले. शिकागोच्या संघाचे मालक फिलिप रिग्ली यांचा च्युइंगमचा मोठा कारखाना होता. मैदानं ओस पडतील या काळजीने त्यांनी बायकांची लीग काढली. शिकागोत निवड चाचणी झाली, ६० जणी निवडल्या गेल्या आणि रासीन, केनोशा, रॉकफर्ड व साउथ बेंड या चार गावांचे चार संघ झाले. कुणी शेतकऱ्याची मुलगी, कुणी कारखान्यात काम करणारी, कुणी कॅनडाहून आलेली. डॉटी श्रोडर तर फक्त १५ वर्षांची होती.

आता करार पाहू. पगार आठवड्याला ४५ ते ८५ डॉलर. त्या काळी कचेरीत किंवा कारखान्यात बायकांना जे मिळे, त्या मानाने ही रक्कम चांगलीच होती. घरी पैसे पाठवणाऱ्या मुली होत्या, पुढच्या शिक्षणासाठी साठवणाऱ्याही होत्या. स्वतःच्या अंगच्या गुणावर स्वतःच्या नावाने मिळणारा पैसा! पण त्याच कागदाबरोबर अटीही आल्या. हंगाम चालू असताना दुसरी नोकरी करायची नाही. केस बारीक कापायचे नाहीत. चारचौघांत सिगारेट, दारू नाही. ओठांना लाली हवीच. खेळायचं ते आखूड झग्यात. पळत येऊन जमिनीवर घसरत बेस गाठायचा, म्हणजे उघड्या मांड्या सोलवटून निघायच्या. पहिल्या हंगामात चालायचं-बोलायचं कसं याचे वर्गही घेतले. नियम मोडला तर पहिल्यांदा ५ डॉलर दंड, दुसऱ्यांदा १०, तिसऱ्यांदा खेळच बंद. प्रत्येक संघाबरोबर देखरेखीला एक बाई असे.

मालकांचं म्हणणं होतं की घरच्यांना आणि प्रेक्षकांना या चांगल्या घरच्या मुली वाटल्या पाहिजेत. आईवडिलांनी मुलींना पाठवलं त्यात या नियमांचा वाटा असेलही. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. पुरुष खेळाडूला कुणी लाली लावायला सांगितलं नव्हतं. बायकांना खेळासाठी पैसे मिळत होते, पण दिसणंही त्याच पगारात मोजलं जात होतं.

दुसरा कागद संघाच्या यादीचा. या लीगमध्ये खेळाडूचा करार सुरुवातीला संघाशी नसे, थेट लीगशी असे. कोणती मुलगी कोणत्या गावाकडून खेळणार हे लीगची कचेरी ठरवी. एक संघ फार बलवान आणि दुसरा फार दुबळा झाला तर प्रेक्षक येत नाहीत, म्हणून कचेरी मुली इकडून तिकडे हलवी. खेळ रंगतदार व्हायचा, पण त्याची झळ मुलींना लागायची. एखाद्या गावात जीव रमावा आणि सामान बांधायचा निरोप यावा. डॉटी श्रोडर बाराच्या बारा हंगाम खेळली, अशी ती एकटीच. त्या बारा हंगामांत ती चार गावांच्या संघांत होती.

तिसरा कागद आकड्यांच्या वहीचा. प्रत्येक सामन्यात कुणी किती धावा केल्या, किती बेस चोरले, सगळं टिपून ठेवत. रासीनच्या सोफी क्युरिस हिचा १९४६ चा हिशोब ऐका. तिने त्या हंगामात २०३ वेळा बेस चोरायचा प्रयत्न केला आणि २०१ वेळा तो साधला. पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये रिकी हेंडरसनने १९८२ मध्ये १३० बेस चोरले, तो तिथला आधुनिक काळातला विक्रम. बायकांच्या मैदानात दोन बेसमधलं अंतर कमी होतं, हेही सांगायला हवं. तरी २०३ पैकी फक्त दोनदा पकडली जाणं ही साधी गोष्ट नव्हे, आणि तीही झग्यात. त्याच वर्षी रासीन आणि रॉकफर्ड यांचा निर्णायक सामना १४ डाव चालला. शेवटी एकच धाव झाली. ती सोफीची होती.

पण ज्यांना कागदच मिळाला नाही, त्यांचं काय? या लीगने काळ्या मुलींना दार उघडलं नाही. मॅमी जॉन्सन चाचणीसाठी गेली होती, तिला मैदानात घेतलंच नाही. पुढे ती इंडियानापोलिस क्लाउन्स या काळ्या पुरुष खेळाडूंच्या संघात चेंडू टाकू लागली. १९५३ मध्ये त्याच संघात टोनी स्टोन ही बाई खेळत होती. आणि १९५२ मध्ये हॅरिसबर्गच्या पुरुषांच्या संघाने एलिनॉर एंगल या स्टेनोग्राफर बाईशी करार केला, तर दोन-तीन दिवसांतच वरिष्ठांनी तो रद्द केला. एवढ्यावर थांबले नाहीत. बाईशी करार करायचाच नाही असा हुकूम काढला. एलिनॉरला एकही सामना खेळता आला नाही.

१९४८ मध्ये बायकांच्या सामन्यांना ९ लाखांवर प्रेक्षक आले होते. पण रिग्लींनी आधीच लीग विकली होती, पुढे संघांचे मालक वेगवेगळे झाले, जाहिरात कमी पडली, घरोघरी टीव्हीवर पुरुषांचे सामने दिसू लागले. १९५४ मध्ये लीग बंद झाली. ६०० च्या आसपास बायका तोवर खेळून गेल्या होत्या. त्या शिक्षिका झाल्या, नोकरीला लागल्या, संसाराला लागल्या. अनेकींच्या मुलांनाही आईचा हा पराक्रम ठाऊक नव्हता.

मग १९८० मध्ये जून पेपस या जुन्या खेळाडूने पत्रं पाठवून मैत्रिणींना शोधायला सुरुवात केली. १९८२ मध्ये शिकागोत सगळ्या भेटल्या. पुढे त्यांनी आपली संघटना काढली. १९८८ मध्ये कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात बायकांच्या बेसबॉलचं दालन उघडलं. मालक बदलले, मैदानं बदलली, तरी सोफीचे २०१ बेस कुणाला नाकारता आले नाहीत, कारण ते तारखेनिशी लिहिलेले होते.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला. आपण सही किंवा अंगठा करतो त्या कागदावर पैशाच्या आकड्याखाली आणखी कोणत्या अटी आहेत, हे आपल्यातल्या कितीजणींनी वाचून घेतलं आहे? आणि वर्षभर आपण जे काम करतो, ते कुठल्या वहीत आपल्या नावाने लिहिलं जातं? नसेल तर एक वही घ्या आणि लिहायला सुरुवात करा.