मोटारघराची आकारनिवड

मोटारघर म्हणजे झोपणे, स्वयंपाक आणि स्वच्छता यांची सोय असलेले व स्वतःच्या इंजिनावर चालणारे वाहन होय. युरोपात मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या घरालाच कॅराव्हॅन म्हणतात. भारतात हा शब्द दोन्ही प्रकारांसाठी रूढ आहे. राजस्थानातील गाडिया लोहार समाजाने बैलगाडीत थाटलेला संसार हे याच कल्पनेचे जुने रूप होय. फिरतीवर निघालेल्या जोडप्यासाठी मोटारघराचा आकार ठरवताना प्रथम खाटेचा विचार होतो. प्रत्यक्षात मात्र वाटेतील सर्वांत अरुंद रस्ता आणि दोन मुक्कामांमधील पाण्याची गरज या बाबी अधिक निर्णायक ठरतात. रायगड जिल्ह्यातील रेवसपासून दक्षिणेकडे जाणारा किनारी मार्ग हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

रेवसपासूनचा मार्ग

रेवस हे अलिबाग तालुक्यातील बंदर धरमतर खाडीच्या मुखाशी आहे. समोरच्या काठावर उरण तालुक्यातील करंजा दिसते. परंतु दोहोंमध्ये चालणारी होडी चारचाकी वाहने नेत नाही. खाडीवरील पूल हा रेवस–रेड्डी सागरी महामार्गाचा उत्तरेकडील दुवा आहे. तो खुला होईपर्यंत मोटारघराला पेण व वडखळमार्गे वळसा घ्यावा लागतो, अथवा मुंबईतील भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत रो-रो बोटीने यावे लागते. ही बोटसेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिचे भाडे वाहनाच्या प्रकारानुसार बदलते. त्यामुळे आकाराचा पहिला हिशेब धक्क्यावरच होतो.

अलिबागच्या पुढे आक्षी, नागाव, चौल ही गावे नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसली आहेत. रस्त्यालगत दगडी गडगे, वर झावळ्या आणि विजेच्या तारा अशी येथील रचना आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते, पण समोरून एसटीची बस आल्यावर या गल्ल्यांत तेवढ्या रुंदीचे वाहन मागे घेण्यावाचून गत्यंतर नसते. रेवदंडा व साळाव यांना जोडणाऱ्या कुंडलिका नदीवरील जुन्या पुलावर अवजड वाहनांसाठी वेळोवेळी निर्बंध घालण्यात आले आहेत. मुरूडच्या पुढे आगरदांडा–दिघी आणि त्यानंतर बागमांडला–वेश्वी येथे वाहने फेरीबोटीने (स्थानिक बोलीत जंगलजेटी) पलीकडे जातात. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार तीव्र होतो. अशा वेळी मागच्या चाकांमागे बराच भाग लोंबत असलेल्या लांब गाडीचा तळ घासतो. माहितीपत्रकातील लांबी पाहणारे ग्राहक हा मागचा भाग क्वचितच मोजतात.

दोघांसाठी जागा

साधारण ५.५ ते ६ मीटर लांबीच्या उंच व्हॅनमध्ये दोघांची कायमची खाट, लहान ओटा आणि शौचालय बसते. अशा व्हॅनची आतली रुंदी सुमारे १.७ ते १.८ मीटर असते. खाट आडवी बसवल्यास उंच व्यक्तीला पाय ताणता येत नाहीत. उभी बसवल्यास चालण्याची जागा जाते. आडव्या खाटेवर आत झोपलेल्याला रात्री उठताना दुसऱ्याला ओलांडावे लागते. काही दिवसांच्या सहलीत हे खपते, महिनाभराच्या प्रवासात खपत नाही. दररोज बसण्याच्या जागेची खाट करणे टाळायचे असेल तर ६.५ ते ७ मीटर लांबी सोयीची ठरते, पण वर वर्णिलेल्या रस्त्यांवर ती चालकाची परीक्षा पाहते.

भारतात अशी घरे बहुधा तयार व्हॅन किंवा मिनीबसच्या सांगाड्यावर बांधली जातात. फोर्स ट्रॅव्हलर हे त्यातील परिचित उदाहरण होय. तिच्या ३३५०, ४०२० अशा आवृत्त्यांची नावे पुढच्या व मागच्या आसांमधील मिलिमीटरमधील अंतरावरून पडली आहेत.

पाणी आणि वजन

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. आंघोळीसह माणशी दिवसाला २० लिटर धरल्यास १०० लिटरची टाकी दोघांना अडीच दिवस पुरते. टाकी दुप्पट केली की शंभर किलो वाढतात आणि तेवढाच भार सामानातून कमी करावा लागतो. एकूण वजन निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेल्यास ब्रेक व टायर यांवर ताण येतो. घाटउतारावर हे धोक्याचे असते. कोकणातील दमट उकाड्यात वातानुकूलन हवेसे वाटते. लहान खोली कमी विजेत थंड होते, हा छोट्या गाडीचा दुर्लक्षित फायदा आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. अशा थांब्यांवर मुक्काम होणार असेल तर मोठ्या टाक्यांची गरज उरत नाही. किनाऱ्यावर कुठेही राहायचे असेल तर सांडपाण्याची टाकीही स्वच्छ पाण्याच्या टाकीच्या तोडीची हवी, कारण ते वाळूत किंवा खाडीत सोडता येत नाही.

चालक आणि परवाना

भारतात हलक्या मोटार वाहनाची मर्यादा एकूण ७,५०० किलो वजनाची आहे. युरोपातील सामान्य मोटारपरवान्यासाठी ती दीर्घकाळ ३,५०० किलो होती आणि तेथील बहुसंख्य मोटारघरे त्याच आकड्याभोवती बेतली गेली. जोडप्यापैकी एकालाच गाडी मागे घेता येत असेल, तर तो आजारी पडताच प्रवास जागीच थांबतो. म्हणून खरेदीपूर्वी दोघांनीही अरुंद जागेत चाचणी घेणे इष्ट मानले जाते. मोटारघरांच्या सुरक्षिततेसाठी एआयएस-१२४ हे मानक लागू आहे. जुन्या गाडीत स्वतः फेरफार करताना मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ आड येते. नोंदणी प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही.