वसुकाची आई

कोलकात्यात एक दिवस मोकळा मिळाला. सकाळ इंडियन म्युझियमसाठी आणि दुपार राष्ट्रीय ग्रंथालयासाठी, असे मी ठरवले.

चौरंगीवरचे हे संग्रहालय १८१४ साली स्थापन झाले. बंगाली माणूस त्याला ‘जादूघर’ म्हणतो. मला तिथे भरहुतचा कठडा पाहायचा होता. मध्य प्रदेशात सतनाजवळ हा स्तूप अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये सापडला. गावकऱ्यांनी त्याचे बरेच दगड घरे बांधायला नेले होते. उरलेले कोलकात्याला आणले, म्हणून वाचले.

तांबूस दगडावर जातककथा कोरल्या आहेत आणि त्यांच्याजवळ ब्राह्मी लिपीतली छोटी छोटी अक्षरे. मला ब्राह्मी येत नाही, पण अभ्यासकांनी केलेली वाचने मी पाहिली होती. कठड्यावरची बरीच नावे साध्यासुध्या दात्यांची आहेत. एक स्तंभ दिला आहे नाशिकच्या गोरखितेने. तिची ओळख एवढीच, की ती वसुकाची आई. दोन हजार वर्षांपूर्वीची ही बाई आपल्या नाशिकची!

दुपारी अलिपूरला गेलो. बेल्व्हेडियर ही पूर्वीची लेफ्टनंट गव्हर्नरांची कोठी. मौलाना आझाद यांनी १ फेब्रुवारी १९५३ रोजी तिथे राष्ट्रीय ग्रंथालय लोकांसाठी खुले केले. जदुनाथ सरकार यांचा ग्रंथसंग्रहही याच ग्रंथालयात आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने तीस दिवसांत, स्वखर्चाने इथे पाठवायची असते.

मराठीच्या सूचीत मी माझा पहिला कवितासंग्रह शोधला. मिळाला नाही. मिळणार कसा? तो मीच पदरचे पैसे घालून छापला होता, म्हणजे प्रकाशक मीच. प्रत पाठवायचे राहून गेले होते.

वाईट वाटले ते कवितांसाठी नव्हे. माझी अम्मी शाळेत कधी गेली नाही. तिचे नाव छापले गेले ते एकदाच, त्या संग्रहाच्या अर्पणपत्रिकेवर. वसुकाच्या आईने दगडाचा खांब दिला, आणि मला आईच्या नावाचे एक पातळ पुस्तक टपालात टाकता आले नव्हते.

घरी परतल्यावर पहिले काम तेच केले. पाकिटावर पत्ता लिहिताना हात जरा थरथरला, एवढे सांगितले पाहिजे.