कुरुंद, काचपेपर आणि ड्रम सँडर

नाशिकच्या भाच्याने सुतारकामाचं छोटं वर्कशॉप काढलंय. करवतीचं मशीन आलं, रंध्याचं आलं, आता गाडी ड्रम सँडरवर अडली आहे. १६ इंची घ्यावा की २२ इंची, एवढाच त्याचा प्रश्न. पण मला एक विचारलं की चार सांगायची खोड (घरच्यांना ठाऊक आहेच!), त्यामुळे उत्तराचा हा असा लेख झाला.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका फिरत्या रुळावर पॉलिश पेपरची लांब पट्टी तिरकी गुंडाळलेली असते. खालचा पट्टा फळीला हळूहळू पुढे नेतो आणि वरचा रूळ ती घासून सगळीकडे सारख्या जाडीची करतो. रंधा कीस काढतो, हा भुकटी काढतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लाकूड घासून गुळगुळीत करायची हौस फार जुनी. आपल्याकडे त्यासाठी खरवताची खरखरीत पानं वापरत. जपानी कारागीर एका गवतासारख्या वनस्पतीचे देठ वापरत आले आहेत, ज्यात वाळूचंच द्रव्य भरलेलं असतं. समुद्राकाठच्या लोकांनी शार्कचं कातडं वापरलं. लंडनमध्ये १८३३ साली जॉन ओकी यांनी काचेची पूड कागदावर चिकटवून त्याचा कारखानाच काढला. आपल्या सुतारांच्या तोंडी अजूनही असलेला ‘काचपेपर’ हा शब्द त्या काळाची आठवण आहे. आज त्या कागदात काच नसते, आणि ‘सँडपेपर’मध्ये वाळूही नसते.

मग असतं काय? इथे एक गंमत आहे. आपल्या आजोबांच्या पिढीला कुरुंदाचा दगड माहीत होता, हत्यारांना धार लावायला. तमिळमध्येही त्याचं नाव जवळजवळ हेच. तिथूनच इंग्रजांनी ‘कोरंडम’ हा शब्द उचलला. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन नावाचा गृहस्थ माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवत होता. त्यातून चमकदार, भयंकर कठीण स्फटिक मिळाले. त्याने नाव ठेवलं ‘कार्बोरंडम’. म्हणजे आपला कुरुंद साता समुद्रापार जाऊन एका नव्या पदार्थाच्या नावात बसला :)

१९०२ साली मिनेसोटात पाच जणांनी कुरुंदाची खाण म्हणून एक कंपनी काढली. खणून पाहिलं तर कुरुंद नाहीच, भलताच मऊ, कुचकामी दगड! दुसरा कोणी असता तर दुकान बंद करून घरी गेला असता. हे लोक बाहेरून खनिज आणून सँडपेपर बनवू लागले. १९१४ मध्ये त्यांच्या कागदावरचे दाणे गळून पडायला लागले. शोध घेतल्यावर कळलं, की स्पेनहून येणाऱ्या जहाजात वादळामुळे ऑलिव्ह तेल सांडलं होतं आणि कच्च्या मालाची पोती त्यात भिजली होती. तेलकट दाण्याला सरस कसा धरणार? त्या धड्यानंतर १९१६ मध्ये कंपनीने माल तपासायला प्रयोगशाळा काढली. तीच आजची थ्रीएम.

याच कंपनीने १९२१ मध्ये पाण्यात भिजवून वापरायचा कागद बाजारात आणला. कल्पना फ्रान्सिस ओकी यांची. मोटारी रंगवणाऱ्या कारखान्यांनी तो उचलून धरला. ओल्या कागदाने काम स्वच्छ व्हायचंच, पण मुख्य म्हणजे धूळ उडायची नाही.

आपल्याकडेही हा धंदा रुजला. उरणजवळ मोरा इथे १९४१ साली ग्राइंडवेल सुरू झाली. मद्रासमध्ये १९५४ साली मुरुगप्पा मंडळींनी कार्बोरंडम युनिव्हर्सल काढली. ॲचेसनच्या कंपनीचीही त्यात भागीदारी होती.

आता धुळीकडे येतो. मला खरं सांगायचंय ते हेच.

इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं गाव आहे, खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. १९६०च्या दशकात तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आलं, की नाकाचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग फर्निचर कामगारांना वारंवार होतोय. १९६८ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी यावर शोधनिबंध छापला. त्या सहकाऱ्यांत एक होते डोनाल्ड ॲचेसन, पुढे इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले ते. आडनाव तेच, माणूस वेगळा. एका ॲचेसनने घासायला धारदार दाणे दिले आणि दुसऱ्याने घासण्याची किंमत मोजली, असा तो योगायोग. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

आपल्या सोसायट्यांमध्ये फ्लॅटचं फर्निचर चालू असतं तेव्हा बघा. बंद खोलीत पोरगा सँडिंग करतोय, तोंडाला फार तर रुमाल, पापण्या पांढऱ्या. आपण ‘आवाज फार होतोय हो’ म्हणून दार लावून घेतो. बस्स.

म्हणून भाच्या, आता तुझं उत्तर. १६ इंची चालेल. एका बाजूने उघडा असलेला घे, म्हणजे फळी फिरवून दोनदा घातलीस की ३२ इंचांपर्यंत काम निघेल. मात्र रूळ पट्ट्याला तंतोतंत समांतर हवा, नाहीतर मधोमध रेघ उमटते. एका फेरीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमीच काढ. घाई केलीस की लाकूड करपतं, आणि चिडासारख्या चिकट लाकडाने तर कागदच बुजतो. जाडी काढायला रंधा आहे, सँडर शेवटचा हात फिरवायला.

आणि २२ इंचीतून वाचणारे पैसे धूळ ओढणाऱ्या यंत्रात घाल. सँडरच्या आधी ते विकत घे, नंतर नाही. हाताखाली पोरं ठेवशील तेव्हा त्यांनाही चांगला मास्क दे, आणि ते तो लावतात की नाही हे स्वतः बघ. गुळगुळीत फळीवरून हात फिरवताना गिऱ्हाईक खूश होतं. भुकटी कुठे गेली हे तो कधीच विचारत नाही. ते मालकानेच विचारायचं असतं.